कासोंदेच्या ओसरीवरचा मका

माझा भाऊ मातेयो कुणाचं ऐकत नाही. माझं ऐकत नाही, त्याच्या बायकोचं ऐकत नाही, देवाचंही रविवारपुरतंच ऐकतो. पण रेडिओ बोलला की हा गप्प बसून मान डोलावतो. त्या डबड्याला तारेने बांधलेलं आहे, बॅटऱ्या उन्हात तापवून तापवून घालायच्या, तरी मेलं बोलतं. शेळ्या शेतात शिरल्या तरी बातम्या संपेपर्यंत हा उठत नाही. शेवटी मीच दगड घेऊन धावते. नवरा वारल्यावर मी भावाकडे राहायला आले ती जणू शेळ्या हाकायलाच.

त्या वर्षी जानेवारीत पाऊस पाहिजे होता तेव्हा गायब झाला. मका गुडघ्याएवढा असताना पानं वळायला लागली. तिसाउके, म्हणजे माझी भावजय, रोज संध्याकाळी शेतात जाऊन पानं चाचपायची आणि मुकाट्याने परत यायची. मग फेब्रुवारीत लागला एकदाचा. आमच्या काळ्या रानात ओल टिकली, म्हणून मका हाताला लागला. सीमेपलीकडे मलावीत मात्र पार जळून गेला. आमच्या चिन्जारा गावातून मलावीची टेकडी दिसते. तिकडे सोयरीक आहे, तिकडे बाजार आहे, मक्याच्या पिठाची न्शिमा तिकडेही तीच आणि इकडेही तीच. मध्ये एक लोखंडी फाटक आहे, तेवढाच काय तो परदेश.

मे महिन्यात पलीकडचे व्यापारी लॉरी घेऊन आले. आमच्या अंगणात काटा टांगला आणि असा भाव बोलले की मी दोनदा विचारून घेतला. तिसाउके भांडी घासत होती, ती राखेच्या हातानेच उठली.

"अहो, देऊन टाका," ती म्हणाली. "छपरावर पत्रे येतील."

"थांब जरा," मातेयो म्हणाला. "काल रेडिओवर सांगितलं, पलीकडे टंचाई आहे. भाव आणखी चढणार."

"रेडिओ येणार आहे का पत्रे ठोकायला?"

"तुला बाजारातलं काय कळतं?"

भाव चढला, खोटं कशाला बोलू. आठवडाभर रोज चढला. मातेयो अंगणात असा फिरायचा की जणू तोच चढवतोय. शेजाऱ्यांना सल्ला द्यायला लागला. आणि मग एका सकाळी त्याच रेडिओने सांगितलं की शहरातल्या लोकांना पीठ महाग पडतंय, म्हणून सरकारने मका देशाबाहेर न्यायला बंदी घातली आहे. फाटक बंद. बातम्या संपायच्या आत व्यापाऱ्याने काटा उतरवला, लॉरीत टाकला आणि धूळ उडवत गेला. घाईत त्याची एक चप्पल आमच्या दारात राहिली. मातेयो कितीतरी वेळ त्या चपलेकडे बघत बसला होता.

"भाव चढला ना?" तिसाउके म्हणाली. "आता घाला ती चप्पल."

जून म्हणजे आमच्याकडे कोरडी थंडी. कणसं अंगणात पसरायची, वाळली की काठीने झोडून दाणे काढायचे. पण त्या वर्षी पावसाला दिवसांचं भान राहिलं नव्हतं. कणसं पसरली आणि टेकडीवरून बारीक पाऊस उतरला. चार चार दिवस सूर्य नाही. आम्ही कणसं घरात नेली, तर घरात छप्पर गळत होतं. गवत जुनं झालेलं, वाळवीने खाल्लेलं. मका चुलीभोवती, मका अंथरुणावर, मका माझ्या उशाशी. रात्री कूस बदलली की पाठीत कणीस टोचायचं, आणि वरून नेमका नाकावर थेंब पडायचा.

एका पहाटे तिसाउके उठून बसली. पदराचं टोक पिळलं.

"ऐका," ती म्हणाली. "दर वर्षी सांगते, दर वर्षी तुम्ही नवीन गवत घालू म्हणता. यंदाचा मका विकून पत्रे आणायचे. पुढच्या पावसाळ्यात मी या गवताखाली झोपणार नाही. एक रात्रसुद्धा नाही."

"मग कुठे झोपशील?" मातेयोने विचारलं.

"ते मी बघेन."

ती भांडखोर नाही. भांडखोर मी आहे. म्हणूनच मला वाटलं, ही बोलली ते करणार.

आता विकायची जागा एकच उरली, सरकारी खरेदीचं केंद्र. ते शाळेपलीकडे आहे. सिमेंटचं एक मोठं जोतं, त्यावर पोत्यांची थप्पी आणि थप्पीवर ताडपत्री. शेजारी केंद्राच्या साहेबाला राहायला पत्र्याचं घर, पुढे सिमेंटची लांब ओसरी. तिथे त्या वर्षी कासोंदे म्हणून नवीन साहेब आला. उंच, हडकुळा, बोलताना गालात हसणारा. जातीने बेम्बा.

आम्ही न्गोनी. आजे-पणजांच्या काळात न्गोनी आणि बेम्बा एकमेकांच्या जिवावर उठले होते. लढून लढून कंटाळले तेव्हा ठरलं की आता भाले ठेवायचे आणि तोंडाने लढायचं. तेव्हापासून चेष्टेचं नातं आहे. बेम्ब्याने न्गोन्याला काहीही बोलावं, न्गोन्याने बेम्ब्याला. एकमेकाच्या घरातून कोंबडी उचलावी, टोपी पळवावी, मयताच्या घरी जाऊन त्याच्यासाठी खणलेल्या खड्ड्यात आडवं पडावं आणि कोंबडं दिल्याशिवाय उठू नये. समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला, आणि दंडही त्यालाच.

त्यामुळे कासोंदे आल्यापासून गावाला करमणूक झाली होती. "काय रे माकडखाऊ, आमच्याकडे माकडं नाहीत, उपाशी मरशील," असं म्हणत माणसं पोती उतरवायची. आणि तो म्हणायचा, "उंदीर तर आहेत ना, पण तुम्ही शिल्लक ठेवाल तर." आम्ही उंदीर खातो, हे खरं आहे. कापणी झाल्यावर शेतातले उंदीर, मीठ लावून वाळवलेले. ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांनी बोलू नये.

जुलैत मातेयोने बैलगाडी जुंपली. मका आम्हाला वाटलं तेवढा वाळला होता. म्हणजे मातेयोला वाटला होता. तिसाउकेने दाणा दाताखाली धरला आणि म्हणाली, "अजून दोन उन्हं पाहिजेत." पण रेडिओने सांगितलं होतं की केंद्रं भराभर भरत आहेत. झालं. दाभण आणि सुतळी घेऊन पोती शिवली आणि हा निघाला. मी बरोबर गेले, बैल माझं ऐकतात म्हणून.

रांग शाळेच्या कुंपणापर्यंत गेली होती. आमचा नंबर आला तेव्हा कासोंदेने पोत्यात पोकळ सळई खुपसली, दाणे तळहातावर घेतले, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले. यंत्राकडे बघितलं, मग मातेयोकडे.

"उंदीरखाऊ, यात मासे पाळलेस का?"

रांग हसली. मातेयो सगळ्यांत मोठ्याने हसला.

"पाळलेत. तुझ्या माकडांना पोहायला शिकवायचंय."

"मग तळं घरी ने. ओलं आहे. परत ने. वाळवून आण."

"नेतो ना. तुझ्या आईच्या डोक्यावर देऊन नेतो."

पुन्हा सगळे हसले. कासोंदेही हसला आणि पुढच्या पोत्याकडे वळला. मातेयोने पोती उतरवून जोत्याच्या कडेला लावली, कासोंदेच्या पाठीत एक धपका दिला आणि गाडी वळवली.

"अरे, तो परत ने म्हणाला," मी म्हटलं.

"आक्का, तू कुठल्या गावची? बेम्ब्या आहे तो. चेष्टा करणार नाहीतर काय? नीट बोलला असता तर मला काळजी वाटली असती."

मला पटलं. आता काय लपवायचं, मलाही पटलं. आमच्यातलं कुणीही असतं तर त्याला तसंच वाटलं असतं. बेम्बा माणूस न्गोन्याला खरं काही सांगेल हे आमच्या डोक्यातच येत नाही.

पोती ज्या जागी होती त्या जागी ताडपत्री पोचत नव्हती. टेकडीवरून तो बारीक पाऊस पुन्हा एकदा उतरला, जुलैत. असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. घरी मातेयो छपराखाली चार ठिकाणी भांडी मांडून आरामात बसला होता. "आपला मका सरकारच्या ताब्यात आहे," असं म्हणाला.

आठवड्याने आम्ही पावती घ्यायला गेलो, या खेपेला तिसाउकेही आली. पोती जिथे ठेवली तिथेच होती. खालच्या पोत्याच्या शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आले होते. छान तजेलदार. जानेवारीत शेतात असे आले असते तर मी नाचले असते.

"माझी पावती?" मातेयो म्हणाला.

"कसली पावती?" कासोंदे म्हणाला. "परत ने म्हटलं होतं ना?"

"ती चेष्टा होती."

"मासे ती चेष्टा होती. ओलं आहे ते खरं होतं."

मातेयोचा चेहरा बघून मला कळलं की आता काहीतरी होणार. त्याने कासोंदेची कॉलर धरली. "चोरा," म्हणाला, "माझा मका कुजवलास," आणि हे तो हसत म्हणाला नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

सुतळी ओढणारा माणूससुद्धा थांबला. कासोंदेने कॉलर सोडवून घेतली नाही, तो फक्त आजूबाजूला बघायला लागला, एखाद्याचं लुगडं भर बाजारात सुटल्यावर बाकीचे बघतात तसा. न्गोनी बेम्ब्यावर खरोखर रागावला होता.

आमचे गावप्रमुख जेरे आजोबा रांगेतच होते. त्यांनी पोत्यावर बसल्या बसल्या निवाडा केला.

"मातेयो न्खोमा, तू कासोंदेवर रागावलास का?"

"आजोबा, माझा वर्षाचा मका..."

"मी मक्याचं विचारलं नाही. रागावलास का?"

"हो," मातेयो म्हणाला.

"मग एक कोंबडा. आणि कासोंदेने तो आज रात्री खायचा, आणि तू समोर बसून बघायचं."

कोंबडा माझा होता. पहाटे आरवणारा तांबडा, तो पिल्लू असल्यापासून मी वाढवलेला. पण ते राहू द्या, त्याबद्दल बोलायला लागले तर गोष्ट बाजूलाच राहील.

तिसाउकेने कोंब आलेलं पोतं फोडलं, वास घेतला, खालचे दाणे वेगळे काढले. ते डुकरांना. बाकीची पोती चाचपली. मग तिने कासोंदेच्या ओसरीकडे बघितलं. स्वच्छ सिमेंट, दिवसभर ऊन.

"वन्सं, ते टोक धरा," ती मला म्हणाली.

आम्ही दोघींनी पोतं ओढत नेलं आणि ओसरीवर ओतलं. मग दुसरं. मग तिसरं. कासोंदे धावत आला.

"हे काय चाललंय?"

"वाळवून आण म्हणालास ना, माकडखाऊ? वाळवतेय."

"माझ्या घरात?"

"का? राग आला?"

कासोंदेने जेरे आजोबांकडे बघितलं. आजोबा तपकीर ओढत होते.

"नाही," कासोंदे म्हणाला. "राग कशाचा."

मग काय विचारता. आमचा मका ओसरीवर मावेना म्हणून दाराच्या आत, त्याच्या खाटेखाली, खुर्चीखाली. साहेब रोज सकाळी एका पायावर उड्या मारत कामावर जायचे. सिमेंट तापलं की तिसाउके पायाने दाणे फिरवायची, सरी ओढल्यासारख्या, आणि मी सावलीत बसून कोंबड्या हाकायची. आम्ही जेवायला गेलो की कासोंदे हाकायचा. स्वतःच्या ओसरीवर दुसऱ्याचा मका राखत "हुश्श, हुश्श" करणारा साहेब बघायला शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत यायची. सकाळ-संध्याकाळ तिसाउके मूठभर दाणे त्याच्या नाकासमोर धरायची. तो यंत्रात टाकून बघायचा आणि मान हलवायचा.

एक दिवस त्याने यंत्राकडे बघितलं आणि मान हलवली नाही.

"भरा," तो म्हणाला. "भरा लवकर. मला माझ्या घरात चालायचंय."

मक्याचं वजन झालं, मका थप्पीवर चढला, या वेळी ताडपत्रीच्या आत. पावती मिळाली. तिसाउकेने ती छातीशी बांधली. व्यापाऱ्याच्या भावाच्या मानाने सरकारी भाव कमीच होता, पण पत्र्यांपुरता होता. पैसे दोन आठवड्यांत येतील, कासोंदे म्हणाला.

ऑगस्ट गेला. सप्टेंबरात शेतं जाळली, उंदीर धरले. कासोंदेलाही चार पाठवले. त्याने परत पाठवले, पण तीनच. चौथ्याचं काय झालं ते त्याने कधी सांगितलं नाही. ऑक्टोबरात उकाड्याने जीव नकोसा झाला. पैशांचा पत्ता नाही. मातेयो रोज केंद्रावर जायचा.

"वरून आले नाहीत," कासोंदे म्हणायचा. "मी खिशातून देऊ? माझाच पगार चिपाटा शहरातल्या ऑफिसात अडकलाय. तिथला साहेब झुलू आडनावाचा आहे, न्गोनी, तुमच्यातलाच. त्याला विचारा."

आणि मातेयोला रागावताही यायचं नाही. कोंबडे संपत आले होते.

नोव्हेंबरात एका दुपारी टेकडी काळी झाली. तिसाउकेने आभाळाकडे बघितलं, आमच्या छपराकडे बघितलं आणि चटई गुंडाळली. वर घोंगडी, पातेलं, उलथनं. दोरीसकट शेळी सोडली.

"कुठे निघालीस?" मातेयोने विचारलं.

"सांगितलं होतं ना. या गवताखाली एक रात्रसुद्धा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, चला. मी एकटी गेले तर लोकांना विषय."

मला दोनदा सांगावं लागलं नाही. माझी उशीसुद्धा तयार होती.

कासोंदे ओसरीवर चहा पीत होता. तिसाउके त्याच्या समोरून आत गेली. चटई पसरली, पातेलं त्याच्या चुलीवर ठेवलं आणि शेळी त्याच्या खुर्चीच्या पायाला बांधली.

"आता काय वाळवायचंय?" तो म्हणाला.

"काही नाही. आम्ही इथे राहतोय. मक्याचे पैसे येतील तेव्हा पत्रे येतील. पत्रे येतील तेव्हा जाऊ. राग आला?"

पत्र्यावर पहिले टपोरे थेंब वाजायला लागले होते. कासोंदेने कप खाली ठेवला.

"आणि मी कुठे झोपू? दोन परक्या बायकांबरोबर मी एका घरात झोपू शकत नाही."

"आमचं घर मोकळं आहे," तिसाउके म्हणाली. "तुझा भाऊ मातेयो तिथे एकटाच आहे. बरोबर रेडिओ आहे."

बिचारा गेला. ब्लँकेट डोक्यावर घेऊन चिखलातून गेला. त्या रात्री आम्ही दोघी पत्र्याखाली कोरड्या झोपलो. वर एवढा ताशा वाजत होता की एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. तिसाउके मात्र जागी होती. अंधारात हसत होती, मला तिची चटई हलल्यासारखी वाटली म्हणून कळलं.

सकाळी कासोंदे आला. डोळे लाल, केसात गवताच्या काड्या, हातात ब्लँकेट. त्याचं पाणी वाटभर ठिबकत आलं होतं.

"तुमचा नवरा," तो म्हणाला, "रात्रभर भांडी सरकवत होता. एक सरकवलं की दुसरीकडे गळायचं. आणि तो रेडिओ. मलावीचा भाव, टांझानियाचा भाव, कांगोचा भाव. झोप नाही."

तिसाउके दारात उभी राहिली. तिने त्याच्या ब्लँकेटमध्ये बोट खुपसलं, सळई खुपसावी तसं. बोटाकडे बघितलं.

"ओलं आहे," ती म्हणाली. "परत ने. वाळवून आण."

कासोंदे हसायला लागला. पोट धरून, ओसरीच्या पायरीवर बसून हसला. डोळे पुसले, ब्लँकेट तसंच ओलंचिंब सायकलला बांधलं आणि चिपाटाच्या वाटेला लागला.

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलं. ऑफिसात गेला तो थेट झुलू साहेबाच्या टेबलाशी. कागद बाजूला केले आणि टेबलावर ब्लँकेट पसरलं. शाई पसरली, फायली भिजल्या. झुलू साहेब उठून उभा राहिला.

"हे काय आहे?"

"चिन्जारातल्या मक्याचे पैसे येईपर्यंत मी इथे झोपणार, उंदीरखाऊ," कासोंदे म्हणाला. "राग आला?"

सगळं ऑफिस बघत होतं. न्गोनी माणूस, बेम्ब्यावर रागावतो कसा? झुलू साहेब म्हणाला, राग कशाचा. आणि फोन उचलला.

आठवडा उलटायच्या आत चिन्जाराचे पैसे आले. नुसते आमचे नाही, सगळ्या रांगेचे. जेरे आजोबांनी कासोंदेला एक कोंबडा पाठवला, आणि त्याबरोबर वाळवलेले उंदीरही. या खेपेला काही परत आलं नाही.

पत्रे चिपाटाहून बैलगाडीतून आले. वाटभर खडखडत होते, गावातली कुत्री मागे लागली होती. मातेयोने स्वतः ठोकले. कासोंदे खालून खिळे देत होता आणि शिव्या देत होता. तिसाउके बाजूला उभी राहून एकेक खिळा नजरेने मोजत होती. शेवटचा पत्रा बसल्यावर ती आत गेली, मधोमध उभी राहिली, वर बघितलं आणि रडली. मी कशाला आत जाऊ? मी शेळ्या हाकायला गेले.

आता पाऊस लागला की आमच्या घरात काही ऐकू येत नाही. काल संध्याकाळी असाच धो धो लागला होता. मातेयो रेडिओ कानाला लावून बसला होता, एका हाताने दुसरा कान झाकून.

"काय म्हणतोय?" मी ओरडून विचारलं.

"सीमेचं काहीतरी सांगतोय. उघडली की उघडणार नाही, तेच कळत नाही." त्याने डबडं हलवलं, पुन्हा कानाला लावलं. "गप्प बसा जरा, भावाचं सांगेल."

वर पत्रा वाजत होता. तिसाउके चटईवर पाय पसरून मक्याचं बी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"सांगू दे," ती म्हणाली. "यंदा ज्या दिवशी मका वाळेल, त्या दिवशी विकायचा."

मातेयो काय म्हणाला ते पत्र्याच्या आवाजात ऐकू आलं नाही.